बस स्टॉपवर ब्रेक कोण उशिरा दाबतो?

मेस्ताचा पाना : वाचकांचे प्रश्न, मेस्ताची उत्तरं

गेल्या अंकात शेवटच्या ओळीत मी सहज लिहून गेलो, की ११ मेला सोमवारी गॅरेज उशिरा उघडेल, कारण आदल्या रात्री वॉटकिन्स ग्लेनची नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कारची शर्यत, बघायची आहे. झालं. क्लच प्लेट, बॅटरी, सायलेन्सरचा गंज सगळं राहिलं बाजूला आणि पत्रं आली ती या एकाच ओळीवर. संपादकबाई म्हणाल्या, "मेस्त, या खेपेला तेवढंच होऊ दे." नेहमीसारखी नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी उसगावात टिप्परांच्या गॅरेजात हात काळे केले आणि नंतर चौदा वर्षं तारवटी म्हणून बोटीच्या इंजिन रूममध्ये काढली. आमची बोट फ्लोरिडात पोर्ट कॅनाव्हेरलला लागायची. तिथून डेटोना गाडीनं तासा-सव्वा तासावर. जुलैतली रात्रीची शर्यत तिथं एकदा डोळ्यांनी पाहिली. तीन दिवस कान वाजत होते, इंजिन रूममध्ये काम करणाऱ्याचे! वॉटकिन्स ग्लेनला मात्र मी गेलेलो नाही. ते सगळं टीव्हीवरचं.

स्टॉक कार म्हणजे शोरूममधली साधी गाडी ना? मग त्यात एवढं काय बघायचं?
*— कॉलेजचा विद्यार्थी, फोंडा*

नावात आहे, गाडीत नाही. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी नॅस्कार सुरू केली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये शार्लटला पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत लावली. नियम असा, की गाडी कंपनीतून आली तशीच पळवायची. पहिल्याच शर्यतीत काय झालं बघ. ग्लेन डनवे नावाचा चालक पहिला आला, तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांत, फेरफार सापडला आणि विजय काढून घेतला. जिम रोपरला पहिला ठरवलं. पाटे कडक का केले होते? चोरट्या दारूची गाडी मागे भरलेली असली तरी बसू नये आणि वळणावर लोळू नये म्हणून. तिकडच्या डोंगरांत घरी गाळलेली दारू रात्री पोलिसांना चुकवून शहरात पोचवणारी पोरं होती, आणि नॅस्कारचे कितीतरी सुरुवातीचे चालक त्यातूनच आले. ज्युनियर जॉन्सन हे त्यातलं मोठं नाव. बापाच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात गेला, आणि तरी ५० शर्यती जिंकला. पुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा चेकपोस्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना यात फार नवल वाटायचं नाही. माझ्या ओळखीचं असं कोणी नाही, हे इथं लिहून ठेवतो.

आजची गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा, त्यावर कॅमरो, मस्टँग किंवा कॅमरीच्या चेहऱ्याचं कवच. हेडलाइट बघशील तर ते स्टिकर आहेत. आत ५.८ लिटरच्या वरचं व्ही-एट इंजिन. जुन्या पद्धतीचं, पुशरॉडवालं, म्हणजे आमच्या पिढीला झाकण उघडून कळेल असं. २०२२ पासून मात्र खालचा सगळा मामला बदलला. मागचा सलग एक्सल गेला, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, गियरबॉक्स पाच गियरचा सिक्वेन्शियल झाला आणि चाकाला पाच नटांऐवजी मधोमध एकच नट.

टीव्हीवर पाहिलं तेव्हा गाड्या नुसत्या डावीकडे गोल फिरत होत्या. आता म्हणे उजवीकडेही वळणार. आपल्या चोर्ला घाटासारखं काही आहे का? मी बावीस वर्षं ट्रक चालवलाय, जरा सविस्तर लिहा.
*— निवृत्त ट्रकचालक, डिचोली*

पात्रांव, तुमच्यासाठीच सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला हे पोटात कळेल.

तुम्ही पाहिलंत ते ओव्हल, म्हणजे अंडाकृती ट्रॅक. तिथं वळण डावीकडेच आणि रस्ता बशीसारखा कललेला, त्यामुळे गाडी त्या कलावर टेकून जाते. रोड कोर्सला, म्हणजे वळणावळणाच्या ट्रॅकला, हा आधार नाही. चढ, उतार, उजवं, डावं, मध्ये जोराचा ब्रेक, पुन्हा गियर. वॉटकिन्स ग्लेन न्यूयॉर्क राज्यात, सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाला. शहर म्हणावं तर नाही, गावच. १९४८ मध्ये कॅमेरॉन आर्गेट्सिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं तिथं गावच्या रस्त्यांवरून मोटारींची शर्यत काढली. डांबर, माती, दगडी पूल आणि मधोमध रेल्वेचं फाटक! शर्यतीपुरती आगगाडी थांबवून ठेवली होती म्हणतात. चांदरच्या फाटकावर दहा मिनिटं थांबलो तरी आपण स्टेशन मास्तरच्या सात पिढ्या काढतो. १९५२ ला प्रेक्षकांत गाडी घुसून एक लहान मूल गेलं, मग शर्यत गावातून बाहेर निघाली, आणि १९५६ पासून आताचा कायमचा ट्रॅक. १९६१ ते १९८० तिथं फॉर्म्युला वनही चालायची.

आता तुमच्या डोळ्यांनी एक फेरी मारू. नॅस्कार वापरते तो मार्ग २.४५ मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरला थोडा कमी. फेरी सव्वा मिनिटाच्या आतबाहेर. सुरुवातीच्या सरळ रस्त्यावरून उतरत येऊन पहिलं वळण उजवीकडे, काटकोनात. ब्रेक उतारावर दाबायचा असतो. उतारावरचा ब्रेक म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगू? पुढे 'एसेस', चढावर उजवं-डावं-उजवं, दोन्ही बाजूंना आकाशी निळं लोखंडी कठडं, आणि कठड्यापर्यंत जागा फार नाही. इथं ब्रेकला पाय लावायचा नाही, छाती लागते. मग मागचा लांब सरळ रस्ता, आणि त्याच्या शेवटी बस स्टॉप.

बस स्टॉप! नाव ऐकून माझी सौ. म्हणाली, "कदंबा थांबते काय तिथं?" ते नाव पडलंय एका वाकड्या जोडवळणाला, अधिकृत नाव इनर लूप. बसनं रस्ता सोडून थांब्यावर शिरावं आणि पुन्हा रस्त्यावर यावं, तसं गाडीला बाजूला जाऊन परत यायला लागतं. ते मुळात नव्हतं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये जे. डी. मॅकडफी हा जुना चालक त्या सरळ रस्त्याच्या टोकाला, पाचव्या वळणाशी गाडी आवरू शकला नाही. टायरांच्या भिंतीवर आपटून गाडी उलटली आणि तो जागीच गेला. पुढच्या वर्षी गाड्यांचा वेग मोडायला हे वळण घातलं. म्हणून मी जेव्हा बस स्टॉप बघतो तेव्हा मला चोर्लाच्या वळणावरची ती शेंदूर लावलेली दगडं आठवतात.

बस स्टॉपमधून कर्बवर उड्या मारत निघालं की कॅरोसेल, लांबलचक उजवं वळण. बाहेर पडताना गाडी आपोआप कडेला ओढली जाते आणि सगळेच तिथं रंगवलेल्या डांबरावर उतरतात. मग दोन वळणं, आणि पुन्हा सुरुवात. पूर्ण ट्रॅकला 'बूट' नावाचा आणखी एक फाटा आहे, नॅस्कार तिकडे जात नाही. मला विचाराल तर जायला हवं.

तुमच्या चोर्लाशी साम्य कुठं आहे ते सांगतो. घाटात जो चढावर जोर करतो त्याला आपण ड्रायव्हर म्हणत नाही. भरलेली गाडी उतरवताना ज्याचे लायनर तापत नाहीत, तो ड्रायव्हर. मी उसगावला असताना एक टिप्पर खालपर्यंत आला तेव्हा ड्रमचा वास गाडीच्या आधी आला होता. ब्रेक दाबला तर पायाखाली लागेना, चालकानं गियरवर आणून कशीबशी थांबवली. इथंही तेच. दीड टनाहून जड गाडी, पहिलं वळण आणि बस स्टॉप अशी दोन मोठी ब्रेकची ठिकाणं, आणि ते नव्वद वेळा. पुढच्याला गाठायचं तर सरळ रस्त्यावर फार काही होत नाही. त्याच्यापेक्षा एक गाडीभर उशिरा ब्रेक दाबायचा आणि तरी वळण चुकवायचं नाही. एवढाच सगळा खेळ.

या शर्यतीत म्हणे डावपेच असतात. गाडी जोरात पळवायची, त्यात डावपेच कसले? गणिताचा मास्तर आहे, आकडे देऊन सांगा.
*— निवृत्त शिक्षक, पेडणे*

सर, आकडेच देतो. गेल्या वर्षी शर्यत ९० फेऱ्यांची होती, तीच धरू. यंदा आकडा हलला तरी रीत तीच. ९० गुणिले २.४५, म्हणजे २२० मैलांहून किंचित जास्त. टाकी २० गॅलनची, आपल्या मापानं पाऊणशे लिटर. ही गाडी एका लिटरला जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर देते. आमचा भरलेला टिप्पर याहून बरा होता! तर एका टाकीत साधारण ३४ फेऱ्या. म्हणजे कमीत कमी दोनदा थांबणं आलंच. उलटं मोजा. ५६व्या फेरीनंतर टाकी भरली तर शेवटपर्यंत पुन्हा थांबावं लागत नाही. त्याआधी भरली तर गॅस सोडून चालवायचं, म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी ॲक्सिलरेटर लवकर सोडायचा आणि पेट्रोल वाचवायचं. त्यात पिवळा झेंडा आला, म्हणजे ट्रॅकवर काही पडलंय म्हणून सगळे हळू एकामागं एक चालतात, तर ते पेट्रोल फुकट वाचतं. झेंडा कधी येईल हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून गणित आणि जुगार दोन्ही.

आता यात टप्प्यांची भर. शर्यत तीन टप्प्यांत असते, पहिले दोन साधारण वीस-वीस फेऱ्यांचे. टप्पा संपला की पिवळा झेंडा, आणि पहिल्या दहांना १० पासून १ पर्यंत गुण. सर, इथं पेच पडतो. टप्पा संपायच्या थोडं आधी जो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, जाऊन पेट्रोल-टायर करून येतो, त्याचे ते गुण जातात. पण झेंड्यात बाकीचे पिटमध्ये गेले की हा आपोआप पुढे. गुण हवे असणाऱ्याला ते घेऊन मागून सुरुवात करावी लागते. ओव्हलवर मागे पडलात तर वर यायला रस्ता रुंद असतो. इथं नाही.

यंदा हा पेच जास्त दुखणार. गेल्या वर्षापर्यंत एक शर्यत जिंकली की वर्षाअखेरच्या अजिंक्यपदाच्या शर्यतींत जागा पक्की व्हायची. रोड कोर्सचा एखादा वस्ताद एका रविवारी जिंकून वर्षभर निवांत. ही सवलत काढून टाकली आहे. आता त्या जागा आधीच्या सगळ्या शर्यतींच्या गुणांवर ठरणार, आणि जिंकल्याचे गुण ४० वरून ५५ केले आहेत. ज्याचं खातं भरलेलं आहे तो टप्प्याचे गुण सोडून विजयाच्या मागे लागेल. ज्याचं खातं रिकामं आहे त्याचा मुकादम, म्हणजे क्रू चीफ, वायरलेसवर ओरडून सांगेल, "सहावा नंबर सोडू नकोस." या दोन प्रकारच्या गाड्या एकाच वळणावर भेटल्या की वाजणार.

आमच्या स्कूटरला ई-वीस पेट्रोलनं त्रास होतो असं सगळे म्हणतात. त्या गाड्या कसल्या पेट्रोलवर चालतात?
*— म्हापसा*

२०११ पासून ई-पंधरा, म्हणजे १५ टक्के इथेनॉल. पण त्यांचं इंजिन त्यासाठीच जुळवलेलं असतं. तुमच्या जुन्या स्कूटरचा रबरी पाइप आणि कार्बोरेटरचं वायसर बदलून घ्या, पुढच्या अंकात सविस्तर.

गोल गोल लिहू नका. कोण जिंकणार ते सांगा. आमची पैज लागली आहे, शहाळ्यांवर.
*— चार मित्र, मडगाव*

शहाळ्यांवर असेल तर सांगतो.

शेन व्हॅन गिस्बर्गन. न्यूझीलंडचा. गेल्या वर्षी रोड कोर्स आणि शहरी रस्त्यांवरच्या मिळून सहा शर्यती झाल्या, त्यातल्या पाच यानं नेल्या : मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लट. उरलेली एक ऑस्टिनची, ती क्रिस्टोफर बेलची. वॉटकिन्स ग्लेनला तर हा बेलच्या अकरा सेकंद पुढे होता. अकरा सेकंद म्हणजे तुम्ही शहाळं फोडून स्ट्रॉ घालेपर्यंत. ओव्हलवर मात्र गेल्या वर्षी एकही जिंकला नाही. २०२३ मध्ये शिकागोला पाहुणा म्हणून आला आणि पहिलीच शर्यत जिंकला. असं त्याआधी साठ वर्षांत घडलं नव्हतं.

का जिंकतो? माझं मत सांगतो. हा ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्समधून आला आहे, तिथं तीनदा अजिंक्य. त्याही गाड्या जड, व्ही-एट आणि ब्रेकवरच्या. याचे पाय बघा, कॅमेरा कधी कधी दाखवतो. बाकीचे डाव्या पायानं ब्रेक दाबतात आणि क्लच न दाबता गियर ओढतात. हा उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक दाबतो, त्याच पायाची टाच ॲक्सिलरेटरवर टेकवून मध्येच रेस देतो आणि डाव्या पायानं क्लच मारतो. टिप्परवाल्यांनो, हे आपलं डबल क्लच आहे! जुन्या गाड्यांना गियर खाली टाकताना न्यूट्रलमध्ये रेस दिली नाही तर गियरबॉक्स किंचाळायचा, आठवतं? त्याचंच हे शर्यतीतलं रूप. गियर खाली पडताना मागची चाकं थरथरत नाहीत, आणि गाडी सरळ राहिली की ब्रेक आणखी उशिरा दाबता येतो. मी बोटीवरून आल्यावर पोरांना हे शिकवायला गेलो तर एक म्हणाला, "मामा, ऑटोमॅटिक घ्या."

यंदा रोड कोर्सवर इंजिनाची ताकद ६७० वरून ७५० हॉर्सपॉवर केली आहे. मागचे टायर लवकर झिजणार. जो वळणातून निघताना पाय हळू टाकेल त्याचं फावणार. हेही याच्याच पथ्यावर पडेल असं मला वाटतं.

पण हरेल कुठं, तेही सांगतो. २०२४ बघा. शर्यत लांबून ९२ फेऱ्यांवर गेली, शेवटची फेरी, हाच पुढे. बस स्टॉपमध्ये याची गाडी कठड्याला घासली आणि ख्रिस ब्यूशर कॅरोसेलमध्ये आत घुसला. जिंकला ब्यूशर. तर हा एकटा पळत असेल तेव्हा याला कोणी धरू शकत नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांत पिवळ्या झेंड्यानंतर सगळे पुन्हा जोडीजोडीनं उभे राहिले, तर मात्र हा इतरांसारखाच माणूस. पहिल्या वळणावर चार गाड्या शेजारी शेजारी उतरतात आणि बाहेरच्याला जागा उरत नाही. २०२२ ला काईल लार्सननं शेवटच्या रीस्टार्टला आपल्याच संघाच्या चेस इलियटला तिथं बाहेर दाबलं आणि शर्यत नेली. एकाच मालकाच्या गाड्या! आमच्याकडे एका मालकाचे दोन टिप्पर असे भिडले असते तर दोघांचाही पगार कापला असता.

तर दुसरं नाव लिहून ठेवा, ब्यूशर. तिसरं बेल. विल्यम बायरन २०२३ चा विजेता, तो गाडी चांगली मिळाली तरच. ए. जे. ऑलमेंडिंगरनं पहिला मोठा विजय इथंच २०१४ मध्ये मिळवला, म्हातारा अर्क आहे, पहिल्या दहांत धरा. चौघांत एकच शहाळं पुरवायचं असेल तर व्हॅन गिस्बर्गन.

पाऊस पडला तर? डेटोनाची शर्यत पावसामुळे पुढे ढकलल्याचं वाचलं होतं.
*— साखळी*

मोठ्या ओव्हलवर ओल्यात पळवत नाहीत. रोड कोर्सवर पळवतात. नक्षीचे टायर, वायपर, मागचा लाल दिवा लावून निघतात. २०२१ ला ऑस्टिनमध्ये एवढा पाऊस पडला की पुढची गाडी दिसेना, टकरी झाल्या आणि शर्यत आधीच थांबवावी लागली. ग्लेनची शर्यत बहुतेक ऑगस्टमध्ये असायची, यंदा मे महिन्यात आणली आहे. मे मध्ये तिकडची हवा अजून गार. गार डांबरावर टायर तापायला वेळ लागतो, म्हणून रीस्टार्टनंतरची पहिली दोन वळणं नीट बघा. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा मोटारसायकल पायलट कसे पाय खाली सोडून चालवतात, तसे चेहरे हेल्मेटच्या आत असणार.

तेलावरून आठवलं. २०१२ ला शेवटच्या फेरीत ट्रॅकवर तेल सांडलेलं होतं. पुढे असलेला काईल बुश घसरला, ब्रॅड केसेलोव्स्की आणि मार्कस अँब्रोज एकमेकांना घासत, गवतात जात-येत निघाले आणि अँब्रोज जिंकला. तोही ऑस्ट्रेलियाच्या त्याच सुपरकार्सचा.

शर्यत नेमकी किती वाजता? आणि आमच्या घरच्यांना ही जागरणं कशी समजवायची?
*— काणकोण*

तिकडचं घड्याळ या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिकडे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. सुरू झाल्यावर अडीच-तीन तास धरा. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्यात तो दिवस मदर्स डेचा. मी दुपारीच मानकुराद आंब्यांची पेटी घरी नेऊन ठेवणार आहे, आणि आवाज बंद करून बघणार आहे. व्ही-एटचा आवाज बंद करून बघणं म्हणजे शिगम्यात ढोल न वाजवणं, पण घर सांभाळायचं असतं.

मेस्तकाका, त्या गाडीला दरवाजेच नसतात असं माझा दादा म्हणतो. मग ड्रायव्हर आत कसा जातो आणि जिंकल्यावर बाहेर कसा येतो?
*— इयत्ता सातवी, वाळपई*

दादाचं बरोबर आहे. दरवाजा रंगवलेला असतो, उघडत नाही. चालक खिडकीतून आधी पाय, मग कंबर असा आत सरकतो. स्टिअरिंग काढून बाजूला ठेवायचं आणि बसल्यावर परत बसवायचं. खिडकीला काच नाही, जाळी असते. अपघातात हात बाहेर येऊ नये म्हणून. थांबल्यावर चालकानं जाळी खाली सोडली तर मदतीला आलेल्यांना कळतं की हा ठीक आहे.

बाहेर येणं वाटतं तेवढं सोपं नाही. कॉनर झिलिश नावाचा एक पोरगा आहे, तुझ्या दादापेक्षा फार मोठा नसेल. गेल्या वर्षी याच वॉटकिन्स ग्लेनला शनिवारची शर्यत, म्हणजे मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवसाची, तो जिंकला. ब्रेक, बस स्टॉप, कठडे, सगळं नीट पार केलं. गाडी उभी करून खिडकीतून वर चढून आरोळी ठोकायला गेला, पाय घसरला आणि उभ्या गाडीवरून खाली पडला. गळपट्टीचं हाड मोडलं. रविवारच्या शर्यतीत त्याला बसताच आलं नाही.

आता तो मोठ्या गटात आला आहे आणि १० मेला त्याच ट्रॅकवर असेल. तू आणि दादा जागे राहिलात तर शर्यत संपल्यावर तो खिडकीतून कसा उतरतो, ते मला लिहून कळव.